शिंक, पाटी आणि ओटीपोटाचा तळ

खोकल्याची ढास लागली, शिंक आली, हसता हसता पोट धरावं लागलं किंवा भरलेला हंडा उचलला, की लघवीचे थेंब सुटतात. घाई लागलेली नसते, मूत्राशय तुडुंब भरलेलं नसतं, तरी सुटतात. पालघर-बोईसर पट्ट्यातली बाई ‘खोकलं की लघवी जाते’ एवढंच म्हणते, आणि तेही फार तर जावेशी किंवा बहिणीशी, आवाज खाली घेऊन. डॉक्टरकडे गेली तर खोकल्याचं औषध मागते, कंबरदुखीचं मागते, ही गोष्ट मात्र तशीच घेऊन परत येते. दोन-तीन बाळंतपणं झाली की असं व्हायचंच, आईलाही होत होतं, हा समज घरोघरी पक्का आहे. तो खोडून काढायला हवा. हा त्रास बहुतेक वेळा ठरावीक स्नायूंच्या अशक्तपणाचा असतो, आणि स्नायू तिशीत कमावता येतात तसे साठीतही कमावता येतात.

वैद्यकात याला ताणामुळे होणारी मूत्रगळती म्हणतात. ताण म्हणजे इथे पोटातला दाब, मनावरचा ताण नव्हे. दुसरा एक प्रकार यापासून वेगळा ओळखावा लागतो. त्यात अचानक अनावर घाई लागते आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत लघवी होते. त्यात मूत्राशय स्वतःच अवेळी आकुंचन पावत असतं आणि उपचारही निराळे असतात. कित्येकींना दोन्ही त्रास एकत्र असतात, म्हणून डॉक्टरने आधी नीट विचारपूस करणं महत्त्वाचं.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढे जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक पडदा ताणलेला असतो. पाड्यावर बाळासाठी बांधलेली झोळी जसा भार पेलते, तसा हा पडदा मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार पेलतो. मूत्रमार्ग आणि योनी त्यातूनच खाली उतरतात. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावर पडतो तसाच मूत्रमार्गावरही पडतो. खालचा आधार घट्ट असेल तर मूत्रमार्ग त्या आधारावर दाबला जाऊन मिटतो. आधार सैल असेल तर तो नुसताच खाली सरकतो आणि त्याचं तोंड पुरतं मिटत नाही. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन डीलान्सी यांनी १९९४ मध्ये ही मांडणी केली. तेव्हापासून उपचाराचा विचारही या आधाराभोवतीच फिरतो.

हा आधार सैल पडण्याचं सर्वांत मोठं कारण बाळंतपण. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं मिशिगन विद्यापीठातल्या संगणकीय प्रतिकृतीतून २००४ मध्ये दिसलं. शरीरातला दुसरा कुठलाही ऐच्छिक स्नायू एवढा ताण सोसून पुन्हा कामाला लागत नाही. बहुतेकींचे स्नायू काही महिन्यांत सावरतात, काहींचे अर्धवटच. पुढे पाळी गेल्यावर मूत्रमार्गाभोवतीचं आवरणही पातळ होतं, आणि मधल्या काळात दबून राहिलेला त्रास डोकं वर काढतो.

पालघर जिल्ह्यातल्या बाईचा दिवस या तळाची परीक्षाच पाहतो. सातपाटीच्या बंदरावर म्हावऱ्याची भरलेली पाटी डोक्यावर घेणारी बाई पाहिली की हे लगेच ध्यानात येतं. ती उकिडवी बसते, पाटीच्या कडा धरते, श्वास रोखते आणि मांड्यांवर जोर देऊन उठते. श्वास रोखला त्या क्षणी पोटातला दाब सगळ्यात जास्त असतो, आणि थेंब सुटतात तेही त्याच क्षणी. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी चढउतार तुडवावा लागतो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचं वजन. आवणीच्या दिवसांत तासन्‌तास कंबरेतून वाकून काम. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग खात्यात पूर्ण पाळी उभ्याने, आणि मधूनमधून खोकी उचलायची.

त्यात खोकला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साठी काढलेल्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर ९३.६९ गुणांसह प्रदूषणात सर्वांत वर होतं. कारखान्यांचा धूर आणि मूत्रगळती यांची थेट सांगड घालण्याचं कारण नाही. पण जुनाट खोकला, मग तो धुराचा असो, चुलीचा, दम्याचा की क्षयाचा, दिवसातून शेकडो वेळा तळावर दाब आणतो. अशा बाईला नुसते व्यायाम शिकवून भागत नाही, आधी तिचा खोकला थांबवावा लागतो. बद्धकोष्ठाचंही तसंच, रोजचं कुंथणं स्नायूंना खालीच ढकलतं.

प्रवासाचा मुद्दा आणखी वेगळा. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि पालघर, बोईसरच्या कितीतरी बायकांना मुंबईची नोकरी आवाक्यात आली. पण उपनगरी लोकलमध्ये शौचालय नसतं आणि एका बाजूचा प्रवासच दोन-अडीच तासांचा. मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. गळती होऊ नये म्हणूनही पाणी तोडतात. याने साधतं काहीच नाही. लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरते, घाई वाढते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो आणि शौचाला खडा होतो. पाणी तोडण्याऐवजी ते दिवसभरात विभागून प्यावं आणि चहा-कॉफी आवरती घ्यावी, हे जास्त उपयोगाचं.

आता मुख्य उपायाकडे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर सैल पडलेले हे स्नायू व्यायामाने कमावता येतात, असं मांडलं. त्यासाठी त्यांनी योनीत ठेवून दाब मोजणारं एक साधन बनवलं. आपण आवळतो तेव्हा काटा किती हलतो, हे बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं, हा त्यातला मोलाचा विचार होता. पुढे ‘केगेल व्यायाम’ हे नाव जगभर गेलं, पण ते दाबमापक मागे पडलं आणि व्यायाम नुसता तोंडी सांगण्यापुरता उरला. हेच नुकसानीचं ठरलं.

पोटातला दाब मोजण्याचं काम महाराष्ट्रातही केगेल यांच्या आधीच झालं होतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि उड्डियान व नौली या पोटाच्या योगक्रिया करताना आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरतो, हे उपकरण लावून दाखवलं. योगातला मूलबंध या व्यायामाच्या बराच जवळचा आहे. योगवर्गाला जाणाऱ्या बाईला ती जागा लवकर सापडते, एवढा फायदा नक्की. मात्र मूलबंधात भर गुदद्वाराकडे असतो आणि श्वासही रोखला जातो. गळतीवरच्या व्यायामात पुढचा भागही उचलला गेला पाहिजे आणि श्वास चालू राहिला पाहिजे.

करायचं काय, ते सावकाश सांगण्यासारखं आहे. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, पोट आणि मांड्या सैल सोडायच्या. चारचौघांत वायू सरणार असं वाटताच आपण मागे जे आवळून धरतो, ते आवळायचं. मग तीच आवळ पुढे, लघवीच्या जागेपर्यंत न्यायची आणि सगळं मिळून आत, वर, बेंबीच्या दिशेने ओढायचं. दिशा वरचीच हवी. सहा ते आठ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. असं आठ-दहा वेळा, शेवटी तीन-चार झटपट आवळण्या, आणि दिवसातून तीनदा. सुरुवातीला दोन सेकंदही धरवत नाही, तेवढ्याने घाबरू नये. झोपून जमलं की बसून, मग उभ्याने, मग चालताना. एक हात पोटावर ठेवला तर पोट फुगत नाही ना, ते कळतं. आवळताना एक-दोन मोजत बोललं की श्वास आपोआप चालू राहतो. लघवी करताना मध्येच धार तोडून सराव करायचा, असं अजूनही सांगितलं जातं. ते टाळावं, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

दिसायला सोपं, पण बऱ्याच जणी हे चुकीचं करतात, आणि दोष त्यांचा नसतो. अमेरिकेत १९९१ मध्ये ४७ बायकांना हा व्यायाम फक्त तोंडी समजावून मग तपासून पाहिलं. निम्म्याच जणींना तो नीट जमला. चौथाई बायका तर उलटं करत होत्या, वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे गळती वाढेल असंच. छापील पत्रक हातात देऊन किंवा मोबाइलवर चित्रफीत दाखवून काम संपत नाही, ते याचमुळे. जाणत्या नर्सने किंवा फिजिओथेरपिस्टने एकदा तरी बोटाने तपासून ‘हां, हेच, हेच आवळा’ असं सांगितलं पाहिजे. ते शक्य नसेल तर घरी आरसा धरून पाहता येतं. आवळल्यावर योनी आणि गुदद्वार यांमधला भाग आत-वर गेला पाहिजे. तो बाहेर फुगत असेल तर थांबावं आणि दाखवून घ्यावं.

नीट केला तर याचा गुण किती? कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये १४ देशांतल्या ३१ चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण १८१७ बायका. ताणाने गळती होणाऱ्यांपैकी व्यायाम करणाऱ्या गटात ५६ टक्के बायकांनी आपण बऱ्या झाल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांत फक्त ६ टक्के. औषधाच्या गोळीने असा आकडा गाठला असता तर ती घरोघर पोचली असती. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेचा सल्लाही स्पष्ट आहे: आधी किमान तीन महिने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, दिवसातून तीनदा निदान आठ आवळण्या. फरक जाणवायला सहा-आठ आठवडे लागतात. पंधरवड्यात काही होईना म्हणून सोडून देणाऱ्याच जास्त.

स्नायू कमावण्याइतकीच वेळ साधण्याची सवय उपयोगी. खोकण्याच्या, शिंकण्याच्या किंवा पाटी उचलण्याच्या आधी क्षणभर तळ आवळून धरायचा, इतकंच. मिशिगनच्याच संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की नुसती ही युक्ती शिकवल्यावर आठवड्याभरात खोकतानाची गळती बरीच कमी होते. बंदरावर, शेतात, कारखान्यात हीच सर्वांत कामाची गोष्ट. उचलताना श्वास रोखायचा नाही, आवळून, श्वास सोडत उठायचं. आणि वजन जास्त असलेल्या बाईने थोडं जरी उतरवलं तरी हातभार लागतो. अमेरिकेतल्या ३३८ बायकांच्या २००९ च्या अभ्यासात सरासरी आठ टक्के वजन उतरलेल्यांची आठवड्याची गळती जवळजवळ निम्म्यावर आली. तुलनेच्या गटात ती २८ टक्क्यांनी घटली होती.

हल्ली मात्र व्यायामापेक्षा यंत्राचं आकर्षण मोठं आहे. ‘लेसरने लघवीचा त्रास बंद’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात. प्रकाशाने उपचार ही मुळात थोतांडाची गोष्ट नाही. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं. काविळीचं तान्हं बाळ निळ्या दिव्याखाली ठेवतात, तो उपचार कुठल्याही प्रसूतिगृहात दिसतो. इंग्लंडच्या रॉचफर्ड रुग्णालयात एका नर्सला उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा उतरलेला दिसला, त्या निरीक्षणातून १९५० च्या दशकात तो जन्मला. निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतो आणि ते शरीराबाहेर पडतं. इथे कारण ठाऊक आहे, परिणाम मोजता येतो.

मूत्रगळतीसाठी प्रकाशाच्या नावावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांची गल्लत होते. एक मंद प्रकाश: लाल किंवा त्याच्या पुढचा अवरक्त, ऊब जाणवेल न जाणवेल इतका सौम्य. बुडापेस्टचे एन्द्रे मेस्टर १९६७ च्या सुमारास उंदरांवर लेसरचा प्रयोग करत होते, तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर उगवलेले त्यांना दिसले, तिथून या शाखेची सुरुवात झाली. पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं हा प्रकाश शोषतात आणि पेशीचं काम सुधारतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण. कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटतं, ते टाळण्यासाठी या प्रकाशाची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केलेली आहे. पण तोंडाचं अस्तर उघड्यावर असतं. ओटीपोटाचा तळ आत खोल आहे, आणि प्रकाश त्वचा-चरबीतून जाताना झपाट्याने क्षीण होतो. व्यायामाच्या जोडीला असा प्रकाश दिल्याने स्नायू लवकर सावरतात का, हे पाहणं योग्यच आहे. तोवर तो फार तर जोडीदार. व्यायाम बाजूला ठेवून नुसता प्रकाश घेणं म्हणजे मूळ उपचार सोडून देणं.

दुसरी गोष्ट म्हणजे योनीतून दिला जाणारा तीव्र लेसर. तो ऊतींना तापवतो आणि त्या उष्णतेने नवं कोलॅजन तयार होऊन आधार घट्ट होईल, अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला की मूत्रगळती किंवा रजोनिवृत्तीच्या तक्रारींसाठी अशा उपकरणांना मंजुरी दिलेली नाही, आणि भाजणं, व्रण, कायमचं दुखणं असे प्रकार नोंदले गेले आहेत. नाइसने २०२१ मध्ये ताणाच्या गळतीसाठी हा लेसर फक्त संशोधनातच वापरावा असं सांगितलं. त्याच वर्षी सिडनीच्या एका चाचणीत, रजोनिवृत्तीनंतरच्या योनीच्या तक्रारींसाठी, ८५ बायकांपैकी निम्म्यांना खरा लेसर आणि निम्म्यांना खोटा दिला. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. तक्रार वेगळी असली तरी धडा इथेही लागू पडतो: महागडं यंत्र, गंभीर चेहऱ्याचा डॉक्टर आणि आशा यांनीही काही काळ बरं वाटतं. एखाद्या बाईला साठवलेले पैसे किंवा मंगळसूत्र गहाण टाकून हा उपचार घ्यायला सांगणं आज तरी न्याय्य नाही.

मग अडतं कुठे? व्यायाम फुकट आहे, पण तो शिकवणारा हात जवळ नाही. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झालं, पालघरपासून नव्वदेक किलोमीटरवर. तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट सहसा नसतो, आणि खासगी ठिकाणी गेलं तर दर बैठकीचे पैसे वर रोज बुडतो.

यावरची वाट महाराष्ट्रातच सापडते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ मध्ये गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी करून ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हा ९२ टक्क्यांना एक तरी स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. बायका सांगत नव्हत्या, कारण कुणी विचारत नव्हतं. त्याच गडचिरोलीत उभी राहिलेली घरपोच नवजात बालसेवेची पद्धत २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत चालते. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन घेते, ताप बघते, अंगावर पाजण्याबद्दल विचारते. याच भेटींत ‘ताई, खोकताना लघवी सुटते का?’ हा एक प्रश्न घालता येईल, आणि टाके दुखेनासे झाले की आवळण्याचा व्यायामही. आशांना त्यासाठी नीट प्रशिक्षण हवं आणि वाढीव कामाचा मोबदलाही हवा. स्नायू बरोबर आवळले जातात का, हे लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रातली प्रशिक्षित नर्स पाहू शकेल. सातपाटी, दांडी, नवापूरच्या कोळीवाड्यांत आणि तारापूरच्या कारखान्यांतही महिन्याला एक दिवस असं शिकवणं अवघड नाही. यासाठी एकही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

तीन महिने नीट व्यायाम करूनही फरक पडला नाही, तर पुढचे उपाय आहेत. योनीत बसवायचं पेसरी नावाचं कडं काहींना चांगलं उपयोगी पडतं, आणि १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झालेली, मूत्रमार्गाखाली पट्टी घालण्याची शस्त्रक्रियाही आहे. अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावंच. त्यासाठीच्या आधार-शस्त्रक्रियांमध्ये मुंबईच्या शिरोडकर आणि पुरंदरे यांची नावं आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. लघवीत रक्त दिसलं, जळजळीबरोबर ताप आला, लघवी तुंबू लागली किंवा पायांना बधिरपणा आला तर व्यायामाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. आणि बाळंतपणानंतर लघवी खोकल्यापुरती नव्हे तर सतत, झोपेतही झिरपत राहिली, तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. ते आवळण्याने भरत नाही, बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते, आणि ती मोठ्या सरकारी रुग्णालयांत होते.